तणाला उंची कळते का? खाजन विरुद्ध मोरड

सत्तरीकर
माझी सासुरवाडी गोव्यातल्या तिसवाडीत, शेत खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत. माझं स्वतःचं सत्तरीत, डोंगराच्या कुशीत, मोरड, म्हणजे उंचावरची उताराची जमीन. दोन्हीकडे भातच. पण बेणणीला, म्हणजे तण काढायला, वाकलं की दोन वेगळे मुलूख. खाजनात हाताला लागतात मोजकी चार-पाच प्रकारची तणं, बहुतेक लव्हाळाच. माझ्याकडे एकाच चौकात सावा, हरळी, कुर्डू, ओसाडी, माका, लाजाळू, बांधावर टायकिळो (टाकळा). मोजत बसलो तर पेज थंड होते. माझं मत असं की जमीन जसजशी चढते तसतशी तणांची विविधता वाढते. मग किनाऱ्यापासून चोर्ला घाटाच्या पायथ्यापर्यंत एकच तणनाशक, एकच मात्रा सांगायची हा शुद्ध वेडेपणा. पटतंय का?

खाजनातला
शेवट पटला, कारण नाही पटलं. आणि तुम्ही पाहिलात तो लव्हाळा नव्हे, त्याचे भाऊबंद. खरा लव्हाळा गड्ड्यांचा, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. तो तुमच्या मोरडीतच.

उंचीचा इथे काय संबंध? खाजन भरतीच्या पातळीच्या खाली असतं. बांध आणि मानस (पाणी अडवायचं-सोडायचं फळ्यांचं दार) आहेत म्हणून ते शेत, नाहीतर खाडी. उन्हाळ्यात मातीत मीठ चढतं, मिरगाच्या पावसानं ते धुऊन निघतं, मग कोरगुट, आमचं खारं सोसणारं भात, पडतो. आधी मीठ, मग गुडघाभर पाणी. या दोन चाळण्यांतून सुटेल तेच तण उगवतं.

पुरावा हवा? आमच्या वाड्यावर खाजनाला लागून खेर जमीन आहे. वाळूची, फार तर दोन हात उंच. तिथे या, तुमच्या सत्तरीइतकीच खिचडी दिसेल. दोन हातांनी एवढा फरक पडत असेल तर तो मिठाचा, डोंगराचा नव्हे. एकदा आमच्या मानसाची फळी कुजली, कोणी लक्ष दिलं नाही, खारं पाणी आत आलं. भात गेलं. नंतर उगवली ती मारांडी, खाडीकाठचं काटेरी झुडूप.

वायंगणी
दोघेही नावं मोजताय. टोपली मोजा. दहा प्रकारची दहा-दहा रोपं परवडली, पण एकटा सावा वाफाभर पसरला की भाताचा घास गेला. शिवाय तो लहानपणी भातासारखाच दिसतो. भाताच्या पानाच्या सांध्यावर जिभली असते, साव्याला नसते. हे माहीत नसलेला गडी भात उपटतो आणि सावा ठेवतो, आमच्याकडे झालंय. आणखी एक. त्याच शेतात सरदीला (पावसाळी पिकाला) वेगळी तणं, वायंगणाला (हिवाळी पिकाला) वेगळी. त्यात उंची कुठे बदलली?

माटोळीवाली
मला तर हा शब्दच खटकतो, तण. माझी आई श्रावणात टायकिळो, कुर्डू, फोडशी खुडून म्हापशाच्या बाजारात विकायची. त्यावर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. हरळी म्हणजे दुसरं काय? शेतात शिवी, चतुर्थीला दूर्वांची जुडी. तुम्ही फवारलंत की सावा जळतो, पण बांधावरची भाजीही जाते. सत्तरीकरबाब, तुमची विविधता वरच्या बाजूला जास्त असेल तर नुकसानही वरच जास्त होणार, नाही का?

खाजनातला
बाये, भाजीची माया मलाही आहे. पण बेणणीला माणूस आणायचा कुठून? मजुरी परवडत नाही, पोरं बोटीवर. फवारणी नको म्हटलं तर शेत पडीक. आणि पडीक शेतात विविधता टिकते असं कोणी समजू नये. आधी सगळंच उगवतं, बघायला छान. मग मोरडीत रानमोडी माजते आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. भाजीही गेली, भातही गेलं. कुमेरीच्या, म्हणजे जुन्या फिरत्या शेतीच्या, उतारांवर जाऊन बघा.

माटोळीवाली
म्हणजे माणूस नाही म्हणून औषध, आणि औषध आहे म्हणून माणूस नको. हे चक्र कोणी फिरवलं ते मी विचारतेय.

वायंगणी
मध्ये पडतो. फवारायचंच तर तण बघून फवारा, दुकानदार सांगेल ते नको. बिस्पायरीबॅक या तणनाशकानं सावा जातो, पण त्या मोरडीतल्या गड्ड्यांच्या लव्हाळ्याला फवाऱ्याचं विशेष वाटत नाही, तो पुन्हा डोकं वर काढतो. नांगरट वेळेवर आणि पाणी नीट, निम्मं काम तिथेच होतं.

सत्तरीकर
पाणी आणि मीठ हे मान्य. पण मोरडीत पाणी थांबत नाही ते ती उतारावर आहे म्हणूनच ना? मग उंची कारणाचं कारण झालीच! (हरलो असं लिहायला मी अजून तयार नाही.) खेर बघितल्याशिवाय मात्र वाद घालणार नाही. येत्या आदित्यवारी येतो. पेज तुमची, खरं तण असेल तिथे मोजणी माझी. आणि माटोळीवाली, बांधाची एक पट्टी यंदा फवारली नाही. टायकिळो उगवलाय, खुडायला कोणी येणार असेल तर सांगा.