मदत हवी आहे : मे महिन्यात आंबोलीला जातोय, रस्ता कोणता?

मंडळी, पोरांच्या परीक्षा संपल्या की कोल्हापुरातून सगळं घर आंबोलीला निघतंय. जंगलालगत लाकडी कॉटेज बुक केलंय, स्वयंपाक आपला आपण. निपाणी-उत्तूर-आजरा रस्ता सध्या कसा आहे? की संकेश्वरवरून गडहिंग्लजमार्गे जाऊ? आईला वळणं सोसत नाहीत; पुढच्या सीटवर बसूनही लिंबू हुंगत असते. दुसरं म्हणजे, आंबोलीत पावसाळ्यात पाणीच पाणी, पण मे अखेरीला कॉटेजवर पुरतं का? बाबांना पांढरा रस्सा चुलीवरचाच पाहिजे (त्यांच्यापुढे कुणाचं चालतंय!), म्हणजे पातेलं-मसाला इथूनच. मटण आजऱ्यात घ्यावं की बर्फात घालून न्यावं? आणि रात्री गवे फिरतात म्हणे, गाडी अंगणात उघड्यावर लावली तर चालेल ना?