होमस्टेचं डोमेन: गावाचं नाव घालू की घराचं?

कर्लीकाठ (प्रश्न)

देवबागला तीन खोल्यांचा होमस्टे आहे. एप्रिल-मेमध्ये घरचे हापूस, वर्षभर कोकम-आगळ. आतापर्यंत बुकिंग व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप्सवरच. आता वेबसाइट करायची आहे, डोमेनवर (साइटच्या पत्त्यातल्या नावावर) घोडं अडलंय. तीन पर्याय:

१. तारकर्लीबेस्टहोमस्टे डॉट इन
२. मालवण-बीच-होमस्टे-स्कूबा डॉट कॉम
३. सुरंगीअंगण डॉट इन (घराचं नाव)

वेबसाइट करून देणारा म्हणतो, पहिला घ्या, लोक जे शोधतात तेच नावात असलं की गूगल वर आणतं. शिवाय पर्यटनाचं एक मुदत संपलेलं जुनं डोमेन विकत मिळतंय, दुसऱ्या साइटांवरून त्याच्याकडे पुष्कळ लिंका येतात म्हणे. काय करावं?

बंदरनाका

पहिला सल्ला दहा वर्षांहून जास्त शिळा आहे. एके काळी हे चालायचं, म्हणूनच सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने खास बदल करून शोधशब्द जसेच्या तसे नावात कोंबलेल्या पण आत काही नसलेल्या साइट खाली ढकलल्या. आज गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे की डोमेनातल्या शब्दांचा रँकिंगवर (निकालातल्या क्रमावर) जवळपास परिणाम होत नाही, निकालात पत्त्याच्या ओळीत ते दिसतात इतकंच. म्हणजे ‘बेस्ट’ लिहून काही मिळत नाही. उलट पाहुण्याला ते दलालाची साइट वाटते. गुगल काय खुळो नाय, आणि पुण्याचा पाहुणाही नाही.

दुसरा पर्याय तर सोडूनच द्या. तीन हायफन. फोनवर ‘हायफन’ म्हटलं की समोरचा ‘डॅश’ विचारतो, मग अंडरस्कोर टाकतो, आणि डोमेनच्या नावात अंडरस्कोर चालतच नाही. नियमाने नाव ६३ अक्षरांपर्यंत जातं, पण रिक्षाच्या मागे वाचता येईल एवढंच ठेवा. त्यात ‘स्कूबा’ कशाला? पावसाळ्यात ते बंद, आणि तुमचा धंदा खोल्यांचा.

तिसरा घ्या, पण आहे तसा नको. ‘सुरंगी’ आणि ‘अंगण’ रोमन अक्षरांत जोडले की मध्ये आय आणि ए एकमेकांना चिकटतात. अंगणाला कोणी एक ए लावेल, कोणी दोन. दहा जणांना फोनवर नाव सांगून टाइप करायला लावा. दोघं जरी चुकले तरी नाव बदला.

जुन्या डोमेनच्या भानगडीत पडू नका. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा आहे: जुन्या नावाच्या पुण्याईवर रँक मिळवण्यासाठी ते विकत घ्यायचं आणि आत भलतंच भरायचं. घ्यायचंच असेल तर वेबॅक मशीनवर (साइटांची जुनी रूपं जपणारी साइट) त्याची जुनी पानं बघा. मध्येच जुगार, औषधं किंवा चिनी मजकूर दिसला तर हात लावू नका.

कोकमआगळ

बंदरनाका यांच्याशी सहमत, पण आपल्याकडे खरा घोळ स्पेलिंगचा असतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. मालवण व्हीने की डब्ल्यूने? वेंगुर्ल्याच्या शेवटी ए की ई? देवगडची जुनी स्पेलिंग डी-ई-ओ, नवी डी-ई-व्ही. तुमचं देवबाग तर बी-ए-जी पण लिहितात आणि बी-ए-यू-जी पण. शोधपेटीत गूगल हे सांभाळून घेतं. ॲड्रेस बारमध्ये कोणी सांभाळत नाही: एक अक्षर चुकलं की पान उघडत नाही, किंवा दुसऱ्याचंच उघडतं.

म्हणून गावाचं नाव घालायचंच असेल तर गूगल ट्रेंड्सवर (लोक कोणता शब्द किती शोधतात ते तिथे दिसतं) दोन्ही स्पेलिंगं टाका, प्रदेश महाराष्ट्र ठेवा, जास्त वापरातली मुख्य धरा. दुसरीही विकत घ्या आणि तिच्यावरून मुख्य पत्त्यावर ३०१ म्हणजे कायमचं रीडायरेक्ट (उघडणाऱ्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) लावा. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये ‘मास्किंग’ नावाचा पर्याय असतो, तो निवडला तर जुन्याच पत्त्याच्या चौकटीत तुमची साइट दिसते आणि दोन पत्ते वेगळे राहतात. दुसरी, फॉरवर्ड केलेल्या नावाला बऱ्याचदा एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र नसतं, मग मोबाइलवर धोक्याचा इशारा येतो. रीडायरेक्ट लावल्यावर चारही रूपं उघडून बघा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय.

हापूसचा मुद्दा वेगळा. होमस्टे आणि आंबा यांना दोन डोमेन करू नका, एकाच डोमेनात दोन विभाग ठेवा. दोन साइट सांभाळण्यात दोन्ही अर्धवट राहतात. आणि डोमेनात ‘रत्नागिरी हापूस’ वगैरे घालायचा मोह टाळा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मालवण तालुक्यातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकणं बरं दिसत नाही, आणि मानांकनाचं चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

माडाचीसावली

डॉट इन की डॉट कॉम हे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय. डॉट इनमुळे साइट भारतासाठी आहे असा ठळक इशारा गूगलला मिळतो. तुमचा पाहुणा पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावचा. डॉट इन पुरे. फक्त त्याच नावाचं डॉट कॉम आधी बघा. ते कोणा लॉजवाल्याकडे असेल तर नावच बदला, नाहीतर तुमचे पाहुणे त्याच्याकडे फोन करतील. पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावाला भुलू नका, नूतनीकरणाचा भाव बघा.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिलं की पुढे भांडण ठरलेलं. ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू ठेवा.

देवनागरीचं विचाराल तर २०१४ पासून डॉट भारत मिळतं. गूगलला ते चालतं. पण कॉपी करून पाठवलं की कधी कधी ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य ओळ दिसते, आणि त्यावरचा ईमेल पत्ता अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. पाटीवर छान दिसतं, म्हणून घ्या आणि रीडायरेक्ट करा. मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

बंदरनाका

नावाइतकाच वेळ आता पानांना द्या. मॅप्समधल्या निकालासाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि ख्याती. त्यात डोमेन नाही. बिझनेस प्रोफाइलवर (मॅप्सवरच्या तुमच्या धंद्याच्या नोंदीवर) पाटीवरचंच नाव टाका. तिथे ‘बेस्ट होमस्टे तारकर्ली स्कूबा’ असं शेपूट लावलं तर प्रोफाइल स्थगित होऊ शकते.

लोक देवबाग कमी आणि तारकर्ली जास्त शोधतात, हे तुमच्या वेबसाइटवाल्याचं खरं आहे. पण तो शब्द डोमेनात नको, पानाच्या शीर्षकात हवा: ‘सुरंगी होमस्टे, देवबाग (तारकर्लीजवळ)’. मग स्वतंत्र पानं करा. कुडाळ स्टेशनहून कसं यायचं (मालवणपर्यंतच साधारण ३० किलोमीटर), चिपी विमानतळावरून कसं, पावसाळ्यात काय चालू असतं, जेवणात काय मिळतं. खोल्यांचे दर चित्रात लिहू नका, मजकुरात लिहा. बॅनरचा फोटो चढवून दरपत्रक झालं असं समजणारे इथे पुष्कळ आहेत.

सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) ‘डोमेन प्रॉपर्टी’ घ्या. डोमेन तुमचंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते, पण मग पत्त्याची सगळी रूपं एकत्र दिसतात.

तांबळडोंगर

मध्येच विचारतो. आमचं डोमेन आधीच पाच शब्दी हायफनवालं आहे, तीन वर्षं झाली, पहिल्या पानावर येतं. बदलू का?

कोकमआगळ

फक्त रँकिंगसाठी असेल तर नको. चालत्या गाड्याला खीळ घालू नये. नाव फोनवर सांगता येत नाही म्हणून बदलायचं असेल तर जून-जुलैत बदला. काही आठवडे रँक वरखाली होतं, ते दिवाळीच्या तोंडावर नको.

जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानावर ३०१ लावा. सगळी पानं मुखपृष्ठावर वळवली की त्या पानांनी कमावलेला रँक जातो. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मग सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेन आपलीच आहेत हे सिद्ध करून ‘पत्ता बदल’ हे साधन चालवा. रीडायरेक्ट किमान १८० दिवस ठेवा असं ते साधन सांगतं; मी म्हणेन वर्षभर तरी, जमलं तर कायमचं. जुन्या डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका. ते सुटलं की दुसरा कोणी उचलतो आणि जुन्या माहितीपत्रकावरचा पत्ता त्याच्या दारात जातो.

कर्लीकाठ

‘सुरंगी’ आणि ‘देवबाग’ जोडायचं ठरलं, डॉट इन. ‘अंगण’ फक्त फाटकावर राहील. फाटकाची पाटी उद्या रंगवायला जातेय, तिच्यावर पत्ता टाकू ना?

माडाचीसावली

आज दोन्ही स्पेलिंगं घ्या, दोन्ही मोबाइलवर उघडतात का बघा, मग पाटी. रंगाऱ्याला पत्ता कागदावर लिहून द्या, तोंडी नको.