अकरावीला जर्मन घेतलं आणि गाडी अडकली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत संस्कृत होतं, मार्कही छान पडले. अकरावीला दुसरी भाषा निवडताना 'जर्मन घ्या, स्कोअरिंग असतं' हे इतक्या जणांनी सांगितलं की आम्ही फारसा विचार न करता फॉर्मवर टिक करून मोकळे झालो. आयटी घेता आलं असतं, पण दिवसभर स्क्रीनच आहे म्हणून तिलाच नको होतं.

पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ९. वर्गातली निम्मी मुलं शाळेपासून जर्मन शिकून आलेली, त्यामुळे बाई महिन्याभरातच पुढे निघून गेल्या. (बाईंना बोल लावत नाही. एवढ्या मुलांत त्या तरी कुणाकुणाला हाताशी धरणार?)

मला स्वतःला जर्मनचा ओ की ठो कळत नाही. परवा दोघी वही उघडून बसलो. 'मी त्या माणसाला बघते' याचं तिने लिहिलं होतं 'इश झेहे डेअर मान'. 'डेअर'भोवती लाल गोल आणि वर लिहिलेलं 'डेन'. का, ते तिला सांगता येईना. म्हणे, "इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'द'च असतं गं."

विषय बदलायचा अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतील असं कॉलेजच्या ऑफिसात म्हणाले. बदलावा का? क्लास लावायचा तर जेईईचा क्लास सुटल्यावर, म्हणजे रात्री आठनंतरच. घरच्या घरी काही करता येईल का? आणि तिच्या बाबांच्या डोक्यात बारावीनंतर जर्मनी आहे. त्यासाठी या विषयाचा काही उपयोग होईल का?

– चहापोहे

*

मीही बारावीला जर्मन घेतलं होतं आणि माझीही सुरुवात अशीच झाली होती. बदलू नका. ऐंशीचा पेपर आणि वीसची तोंडी. साचा एकदा कळला की मार्क खरंच मिळतात. तोंडीसाठी स्वतःची ओळख, घरचे, दिनक्रम एवढं मोठ्याने बोलून तयार ठेवायचं. मनातल्या मनात केलेलं बाईंसमोर ऐनवेळी गायब होतं, अनुभव आहे.

– सहाशेअठरा

*

चहापोहे, तुमच्या लेकीची अडचण जर्मन नाहीये, ती जर्मन इंग्लिशमधून शिकतेय ही आहे. ते वाक्य मराठीतून बघा. 'तो माणूस येतो', पण 'मी त्या माणसाला बघते'. 'तो'चं 'त्या' झालं ना? तसंच 'डेअर'चं 'डेन'. हे तिला दुसरीपासून येतंय, फक्त कुणी दाखवलं नाही.

आकडेही तसेच. पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. आपल्यासारखाच एकक आधी. इंग्लिशमधून येणारी मुलं इथेच ५२ आणि २५ ची गल्लत करतात. 'वाइल इश क्रांक बिन' हे 'कारण मी आजारी आहे' असं शब्दाला शब्द ठेवून बघा, क्रियापद दोन्हीकडे शेवटी.

लिंगं मात्र मराठीवरून लावू नका. तीन आहेत एवढंच साम्य. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'झोने' स्त्रीलिंगी. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, पण नपुंसकलिंगी, यावर मुलं हसतात. आपण 'ते कार्टं' म्हणतो तेव्हा कुठे काय वाटतं! शब्द पाठ करताना 'डेअर', 'डी', 'डास' (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी 'द') जोडूनच करायचा, सुटा शब्द वहीत लिहायचाच नाही. शेवटी '-उंग' किंवा '-हाइट' दिसलं की स्त्रीलिंगी, '-शेन' असेल तर नपुंसकलिंगी. एवढ्यावरसुद्धा बरेच शब्द सुटतात.

– खिडकीतलीजागा

*

वरच्या प्रतिसादाला +१, एक भर. मराठी एका ठिकाणी दगा देते. 'शाळेत जाते' आणि 'शाळेत आहे', आपलं दोन्हीकडे 'शाळेत'च. जर्मनमध्ये जायचं असेल तर 'इन डी शूले', आत असेल तर 'इन डेअर शूले'. इथे तिचं संस्कृत काढा: विद्यालयं गच्छति, विद्यालये अस्ति. द्वितीया आणि सप्तमी वेगळ्या करायची सवय तिला आहेच. फक्त जर्मनमध्ये सप्तमी नाही, ते काम 'डाटिव्ह' नावाची विभक्ती करते.

– गच्चीवरूनपर्वती

*

बाबांच्या प्रश्नाबद्दल. बारावीचं जर्मन आणि जर्मनीला जाण्यापुरतं जर्मन यांत बरंच अंतर आहे. तिथे जर्मन माध्यमातून पदवी करायची तर साधारण सी१ पातळी लागते (ए१ सगळ्यात खालची, सी२ सगळ्यात वरची), आणि पुरावा म्हणून गोएथे किंवा टेस्टडाफसारख्या परीक्षेचं प्रमाणपत्र मागतात. नुसत्या बी१ ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी किमान ६०. शिवाय भारतातल्या विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी आता एपीएसचं (शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन संस्थेचं) प्रमाणपत्रही लागतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण जेईईच्या वर्षात हे डोक्यावर घेऊ नका. आधी तिला विचारा तिला जायचंय का. तुमच्या पोस्टमध्ये जर्मनी बाबांच्या डोक्यात आहे, तिच्या नाही.

फुकटात काही हवं असेल तर डॉइच वेलेचा ऑनलाइन कोर्स बघा. ए१ पासून आहे, छोटे छोटे व्हिडिओ असतात, जेवताना एक बघून होतो.

– सुट्टेपैसे

*

सगळ्यांचे आभार. काल रात्री 'तो-त्या'वाला प्रतिसाद तिला वाचून दाखवला. दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे सामान्यरूप आहे होय! मग सरळ सांगायचं ना." जुन्या टेस्टचा पेपर काढून स्वतःच चार चुका शोधल्या. पाचवी मी शोधली (फुशारकी मारून घेते, परत संधी मिळायची नाही). अर्ज तूर्तास केलेला नाही. बाबांना सुट्टेपैसे यांचा प्रतिसाद फॉरवर्ड केलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आता एकच विचारते. लिंगांसाठी तीन रंगांची पेनं वापरू की तीन वेगळ्या वह्या? आणि जर्मन-इंग्लिश डिक्शनरी अप्पा बळवंत चौकात जुनी मिळते का कुठे?

– चहापोहे