दारव्हा तालुक्यातल्या खेड्यावरून हिंगणघाटला बिऱ्हाड हलवायचं आहे: धान्य, गाभण म्हैस, सासूबाईंचं जातं. सल्ला हवा

परसातली तुळस

नमस्कार मंडळी. ह्यांना हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम मिळालं आहे. मे संपायच्या आत तिकडे जायचं ठरलंय. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, त्याआधी सामान पोचायला हवं. मोठा आठवीत जाईल, धाकटी पाचवीत. शेत विकत नाही, दीर करतील. घर मातीचं, कवेलूचं, ते बंद राहील.

तिकडे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलंय. न्यायचं आहे ते असं: 6 क्विंटल गहू, 2 क्विंटल तूर, लोखंडी आलमारी, दिवाण, फ्रिज, कूलर, शिलाई मशीन, भांडी, आणि नुकतंच केलेलं वाळवण. छोटा हत्तीवाला म्हणतो एका खेपेत होते. होईल का? म्हैस न्यायची की नाही हेही ठरत नाही.

आणि सासूबाई. 78 वर्षांच्या आहेत. नवरी म्हणून याच घरात आल्या. त्या म्हणतात, जातं येईल तर मी येईन. ह्यांना वाटतं दगड कशाला वाहायचा. मला त्यांचं मन मोडवत नाही. कुठून सुरुवात करू?

पिकअपवाला भाऊ

ताई, एका खेपेत होत नाही. मी पंधरा वर्सांपासून गाडी चालवून रायलो. तुम्हीच हिशेब करा. सहा अन् दोन, आठ क्विंटल म्हणजे 800 किलो धान्यच झालं. छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी आहे. धान्यातच ते भरून गेली, आलमारी कुठं ठेवता? पिकअप पाहा, सव्वा-दीड टन घेते. नाहीतर धान्य आठ दिवस आधी वेगळ्या खेपेत पाठवा. तुमच्याकडून कापूस घेऊन हिंगणघाटकडे गाड्या जातात, ओळखीचा असला तर कमी भाड्यात नेते.

धान्याची कोठी भरलेली उचलू नका. पत्रा वाकते, मग झाकण कधीच बसत नाही. गहू पन्नास किलोच्या पोत्यात भरा अन् रिकाम्या कोठीत गाद्या-गोधड्या कोंबा.

निघायचं पहाटे चारला. मे महिन्यात दुपारी ट्रॉलीचा पत्रा हाताले भाजते, त्यात टीव्ही, औषधं, प्लास्टिकच्या वस्तू काय टिकन? यवतमाळ, कळंब, राळेगाव, वडकी असे जा. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागला. ऊन चढायच्या आत सामान उतरलं पायजे. अन् कूलर सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यात पहिले उतरते. पाणी आदल्या रात्री काढून टाका, ताट्या वेगळ्या बांधा. म्हातारं माणूस सोबत आहे, नव्या घरात पहिले कूलर लागला पायजे, बाकीचं मागून.

खडू-फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दाखल्याचं काम आजच सुरू करा. उन्हाळी सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत, म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज द्या. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेवढा वेळ हाताशी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखला अडवून ठेवता येत नाही, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेशही नाकारता येत नाही. मुलांच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आधी बघा. आमच्याकडे दर जूनमध्ये दोन-तीन पालक याच कारणासाठी हेलपाटे घालतात आणि मूल वर्गाबाहेर उभं असतं. फार वाईट वाटतं.

राशनची चिंता नको. आता आधारवर कुठल्याही दुकानात धान्य मिळतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 वेगळा, तो घराचा उतारा आहे. घर बंद ठेवताय तर घरपट्टी भरून तो उतारा ताजा काढून जवळ ठेवा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. शेत गावातच राहणार, तर खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, शेतात उभं राहूनच करावी लागते, हिंगणघाटहून होणार नाही. दिरांच्या मोबाईलमध्ये ॲप आताच चालू करून द्या.

कोठ्यावरची

म्हशीचं मी सांगते, माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात होते. कितवा महिना आहे? सातवा-आठवा उलटला असेल तर गाडीत चढवू नका, धक्क्याने गाभडते. न्यायचीच असेल तर डॉक्टरांचा दाखला काढा, कानात 12 अंकी बिल्ला हवा, आणि तिला सामानाच्या गाडीत घालू नका. हल्ली रस्त्यात गुरांची गाडी थांबवतात, कागद नसला तर दिवसभर जनावर उन्हात उभं राहतं.

पण बाई, पहिल्या मजल्यावर राहून म्हैस कुठे बांधाल? कुटार कुठे ठेवाल? दिरांकडे ठेवा. व्यायली की मग विचार करा. ती नव्या जागी गेली तरी बरेच दिवस पान्हा चोरतेच.

चूल-बोळकी

मी दोन वर्षांपूर्वी दिग्रसजवळून वरोऱ्याला आले, म्हणून स्वयंपाकघराचं तेवढं सांगते.

गॅसचं आधी करा. सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा केले की अनामत परत मिळते आणि ट्रान्सफरचं व्हाउचर देतात. ते तिकडच्या एजन्सीत दाखवायचं, तिथल्या चालू दराने अनामत भरायची. शेगडी आपलीच राहते. मध्ये चार-सहा दिवस गॅस नसतो. मी धरून चालले होते की त्याच दिवशी मिळेल. पोरांना तीन दिवस चिवडा आणि केळी खाऊ घातली. तुम्ही इंडक्शन शेगडी नाहीतर स्टोव्ह सोबत ठेवा. भरलेलं सिलिंडर उन्हात सामानाच्या गाडीत अजिबात नको.

कुरडया पोत्यात भरू नका. पत्र्याच्या डब्यात तळाशी जुनं सुती लुगडं, त्यावर कुरडयांचा एकच थर, परत लुगडं, असं करत वर या. डबा हलवून पाहा. खळखळ आवाज आला तर वर अजून एक फडकं कोंबा, आवाज बंद होईपर्यंत. सरगुंडे आणि शेवया त्या मानाने सोशिक. लोणचं यंदा तिकडे जाऊनच घाला, कैऱ्या पहिल्या पावसापर्यंत मिळतात. तेल सुटलेली बरणी चार तास मांडीवर धरून मी प्रवास केलाय, लुगड्याचा तो डाग अजून आहे.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, आणि पोचल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग चालू करा. आडवा झाला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं.

आणि जातं न्या हो. माझ्या सासूबाईंचा पाटा आम्ही गावी ठेवला. त्या कधी बोलल्या नाहीत, पण मिक्सरची चटणी त्यांनी शेवटपर्यंत बोटाने बाजूला सारली. ते मला अजून टोचतं.

पिकअपवाला भाऊ

जातं जड वाटते तेवढं नाही. खुंटा काढा, दोन्ही दगड वेगळे करा, मधात पोतं घालून इंजिनाकडच्या बाजूने तळाशी ठेवा. त्याच्यावर धान्य नको, धान्याच्या बाजूले ठेवा. वरच्या मजल्यावर नेऊ नका, खाली जिन्याजवळ जागा मागा घरमालकाले.

खडू-फळा

बंद घराचं राहिलंच. जायच्या आधी कवेलू फेरून घ्या. वानरांनी एकदा कवेलू सरकवले आणि आत कोणी पाहणारं नसलं, तर एका पावसाळ्यात मातीची भिंत बसते. दिरांना पंधरवड्यातून एकदा दार उघडून चूल पेटवायला सांगा. धुराने वाळवी कमी लागते, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात.

परसातली तुळस

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. म्हशीला आठवा संपत आलाय, ती दिरांकडेच राहील. धान्य येत्या रविवारी वेगळं जाईल. आज कवेलू फेरणाऱ्या माणसाला सांगून आले. जात्याचं सासूबाईंना सांगितलं. काही बोलल्या नाहीत, उठून खुंटा धुवायला घेतला.

परसातली तुळस (तीन आठवड्यांनी)

पोचलो, सुखरूप. पहाटे सव्वाचारला निघालो, नऊच्या आधी गाडी रिकामी झाली होती आणि कूलर चालू. गॅसला पाच दिवस लागले, स्टोव्ह होता म्हणून निभावलं. कुरडयांच्या तीन डब्यांत मिळून मूठभर चुरा निघाला. दाखले मिळाले, पण धाकटीच्या आधारवर आडनावात एक काना जास्त आहे, ते दुरुस्तीला दिलंय. एक चूक झाली: सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आलमारीत बांधल्या गेल्या आणि त्या शोधायला दुपार गेली. कोणी हलणार असाल तर गोळ्या पदराच्या पिशवीत ठेवा.

सासूबाई पहिले दोन दिवस गॅलरीत बसून नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. गावच्या वृंदावनातली माती डब्यात आणली होती, तिसऱ्या दिवशी त्यांनी ती कुंडीत घालून तुळस लावली. जातं जिन्याखाली मांडलंय, घरमालकांनी हरकत घेतली नाही. काल खालच्या वहिनी तुरीची डाळ भरडता येईल का, म्हणून विचारायला आल्या. सासूबाई आज सकाळपासून खालीच आहेत.