'शोषण', 'अधिशोषण' की नुसतं 'धरून ठेवणं'?

गाळकण: माती आणि गाळातल्या जड धातूंवरचा मजकूर मराठीत आणताना सॉर्प्शन (एकूण धरून ठेवणं), ॲड्सॉर्प्शन (पृष्ठभागावर चिकटणं), ॲब्सॉर्प्शन (आत शोषून घेणं) या तिन्हींना सर्रास 'शोषण' म्हटलेलं दिसतं. 'शिसे मातीत शोषले गेले' हे वाक्य चालेल का?

सामू: वाक्य चालेल, पण त्यातून काही कळणार नाही. 'शोषण' मुळांसाठी राखून ठेवा. भात कॅडमियम शोषतो, माती ते धरून ठेवते. पृष्ठभागावर चिकटण्याला 'अधिशोषण' रूढ आहेच.

त्यातही दोन तऱ्हा आहेत. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. कॅडमियम किंवा जस्ताचे धनायन तिथे नुसत्या विद्युत आकर्षणाने थांबतात आणि कॅल्शियम भरपूर आलं की जागा सोडतात. हे 'विनिमयक्षम', म्हणजे अदलाबदल होऊ शकणारं. लोह-मँगनीजच्या ऑक्साइडवर मात्र शिसं थेट ऑक्सिजनशी बंध जोडतं, मिठाच्या द्रावणाला ते दाद देत नाही. पहिल्याला 'टेकलेलं' आणि दुसऱ्याला 'जखडलेलं' म्हटलं तर वाचक चटकन समजतो.

परीक्षानळी: आणि साका, म्हणजे द्रावणातून घनरूपात खाली बसणारा पदार्थ? चुनखडीच्या मातीत, सामू (pH) 8 च्या आसपास, शिसं कार्बोनेट म्हणून बसलं तर ते अवक्षेपण, अधिशोषण नव्हे. साक्याला 'गाळ' म्हणू नये, नदीतळाचा तो गाळ. 'अवसाद' मी टाळतो, त्याने वाचकाला खिन्नता आठवते.

प्रयोगशाळेत शब्दांची गफलत महागात पडते. एकाच नमुन्यातले धातू एकामागून एक द्रावकांनी सोडवून मोजायची टेसिए यांची 1979 ची टप्प्याटप्प्याची पद्धत घ्या. 1 ग्रॅम नमुना. आधी 1 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड, 8 मिलिलिटर, सामू 7, 1 तास. मग 1 मोलर सोडियम ॲसिटेट, सामू 5. मग 25 टक्के ॲसिटिक आम्लातलं 0.04 मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, 96 अंशांना. मग हायड्रोजन पेरॉक्साइड, 85 अंशांना. उरलेल्यावर हायड्रोफ्लोरिक व परक्लोरिक आम्ल. अहवालात लिहितात 'कार्बोनेट-बद्ध', 'सेंद्रिय-बद्ध'. खरं तर त्या द्रावकाने काय सुटलं एवढंच मोजलेलं असतं. पहिल्याच टप्प्यात क्लोराइड कॅडमियमशी संयुग करतं, त्यामुळे आकडा फुगतो. सुटलेलं शिसं उरलेल्या कणांना पुन्हा चिकटू शकतं. म्हणून मी 'सामू 5 ला सुटलेला अंश' असं लिहितो. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

ऑक्सिजनविरहित गाळ हवेत वाळवला तर सल्फाइडांचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यात अडकलेलं कॅडमियम सैल होऊन विनिमयक्षम अंशात दिसतं. नमुना ओलाच, नायट्रोजनखाली ठेवावा.

गाळकण: मोबिलिटीला 'चलनशीलता' की 'गतिशीलता'? आणि इमोबिलायझेशनला, म्हणजे धातू जागीच खिळवण्याला?

सामू: चलनशीलता आणि अचलीकरण. पण धातूचं नाव आणि परिस्थिती सांगितल्याशिवाय दोन्ही पोकळ. चुना टाकून सामू वाढवला की कॅडमियम जास्त घट्ट धरलं जातं. आर्सेनिकचं आर्सेनेट हे रूप मात्र ऋणायन आहे. सामू वाढला की ऑक्साइडवरचा धन भार घटतो आणि ते सुटतं. पाणी साचून ऑक्सिजन संपला तर लोहाचे ऑक्साइडच विरघळतात, आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याच गाळात सल्फाइड तयार झालं तर कॅडमियम मात्र साक्यात बसतं.

परीक्षानळी: आर्सेनिक मुळात धातुसदृश, 'जड धातूं'त त्याची वर्णी सवयीने लागते. फॉस्फेट टाकलं की शिशाचं पायरोमॉर्फाइट हे फॉस्फेट खनिज होतं, फारच कमी विरघळणारं. तेच फॉस्फेट आर्सेनेटला ऑक्साइडवरून हुसकावतं. दोन्ही असलेल्या मातीबद्दल 'फॉस्फेटने धातू अचल केले' असं लिहिलेलं दिसलं, तर मी 'धातू' खोडून 'शिसे' लिहितो.