चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ का पडतायत?

कोथरूडची सून: रविवारी चकल्या केल्या, भाजणी घरचीच, तुळशीबागेतला नवा पितळी सोऱ्या, गरम असताना मस्त कुरकुरीत होत्या पण सकाळी डबा उघडला तर चक्क वाकतायत! सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती चहात बुडवून खाल्ली. काय चुकलं?

पेठेतली मावशी: मोठ्या आचेवर तळल्यास ना? बाहेरून लाल, आत कच्ची राहते गं. तेल तापलं की आच मध्यम, आणि बुडबुडे कमी झाल्याशिवाय झारा घालायचा नाही.

खाऊगल्ली: मोहन जास्त असतं तर तेलातच विरघळल्या असत्या, तेव्हा ते नाही. गरमच डब्यात भरल्यात का?

कोथरूडची सून: हो 😭 मांजर येतं म्हणून झाकण लगेच लावलं

पेठेतली मावशी: मग वाफ धरली. परत तळून काढ, होतील.