मदत हवी आहे : किनारपक्षी आणि दगडफूल एकाच तक्त्यात कसे मांडावेत?

नमस्कार. ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे नेमके काय, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समजावे यासाठी मी एक भित्तिपत्रक तयार करत असून त्यात मुद्दाम दोन अगदी वेगळे जीव शेजारी घेतले आहेत : स्पून-बिल्ड सँडपायपर हा चिमुकला किनारपक्षी आणि एरिओडर्मा पेडिसेलॅटम हे दगडफूल (लायकेन; म्हणजे कवक किंवा बुरशी आणि तिला अन्न पुरवणारा भागीदार यांचा जोडजीव). आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातील जीवांच्या यादीत, दगडफुलाची या वर्गात नोंद २००३ मध्ये झाली, तर पक्षी २००८ मध्ये या वर्गात गेला. दोघेही रशियातील कामचात्का द्वीपकल्पावर आढळतात, म्हणून ही जोडी मला विशेष भावली.

पक्ष्याचे वर्गीकरण लिहून झाले. लिनियसने १७५८ मध्ये त्याला चमचा पक्ष्यांच्या प्लॅटेलिया प्रजातीत (genus) ठेवले होते. आज तो कॅलिड्रिस प्रजातीत, म्हणजे इतर तुतवारांसोबत आहे.

दगडफुलापाशी मात्र काम अडले आहे. नामकरणाच्या नियमानुसार दगडफुलाचे नाव हे त्यातील कवकाचे असते, त्यामुळे कवकसृष्टी, पेल्टिजेरालीस गण, पॅनारिएसी कुल असे लिहिता येते. परंतु त्याला अन्न पुरवणारा सायटोनेमा हा नीलहरित जीवाणू तक्त्यातून पूर्णपणे बाहेर राहतो. हे मला पटत नाही, कारण या दगडफुलाचा प्रसार बीजाणूंनी होतो आणि रुजणाऱ्या कवकाला दर वेळी हा भागीदार नव्याने गाठावा लागतो. जुनी जंगले तोडली गेली किंवा आम्लपर्जन्य झाले, की ही गाठच पडत नाही.

दुसरी अडचण मोजणीची आहे. लाल यादीचे निकष प्रौढ, प्रजननक्षम जीवांची संख्या आणि १० वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी दीर्घ काळातील घट पाहतात. हिवाळ्यात म्यानमार व बांगलादेशाच्या चिखलवटांवर उतरणारे पक्षी मोजता येतात, आणि त्यांच्या स्थलांतराच्या वाटेवरील पीत समुद्राच्या किनाऱ्यावर भराव पडल्याने झालेले नुकसानही त्या आकड्यांशी जोडून दाखवता येते. पण कॅनडातील न्यूफाउंडलंडमधील एका फर वृक्षाच्या खोडावर या दगडफुलाचे पाच तुकडे असतील, तर ते पाच जीव धरावेत की एक? आणि त्याची पिढी किती वर्षांची मानावी?

कवकांच्या किंवा दगडफुलांच्या मूल्यांकनाचे काम केलेल्या जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात : सायटोनेमासाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना देणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का, आणि दोन्ही जीवांसमोर ‘अतिसंकटग्रस्त’ हा एकच वर्ग लिहिताना मोजणीतील हा फरक विद्यार्थ्यांना कोणत्या शब्दांत सांगावा?